साटा आणि क्रोसाँ

महाराष्ट्रातील पांढरपेशा घरांचा बेकरीशी आलेला संबंध कधीच सरळ नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. जातिबंधन झुगारल्याची ती खूण मानली जात असे. पुढे १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा एक कार्यक्रम झाला, हजर असलेल्यांची नावे छापून आली आणि शहरात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही त्या चहापायी प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. आज हा इतिहास वाचताना हसू येते. परंतु भट्टीतून आलेल्या पदार्थाकडे संशयाने पाहण्याची आपल्या घरांची सवय किती जुनी आहे, हेही त्यातून ध्यानात येते.

या संशयात दोन निराळे प्रश्न मिसळलेले होते. पहिला प्रश्न, ‘हे कोणी केले?’ आणि दुसरा, ‘हे कशाचे केले?’ पहिल्या प्रश्नाच्या मुळाशी जातीचा अहंकार होता. तो इतिहासजमा होत गेला हे उत्तमच झाले, आणि जेथे अजून शिल्लक असेल तेथेही तो जावा. दुसऱ्या प्रश्नाचे तसे नाही. गोव्यातील पोदेर पूर्वी पावाचे पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर वापरीत. केकमध्ये अंडे, जेलीमध्ये जिलेटीन, खारीमध्ये कोणती तरी अनोळखी चरबी, अशा गोष्टी आपल्या आहारात बसतात की नाही, हे विचारण्यात कोणाचाही अवमान नाही. आमच्या आधीच्या पिढ्यांनी हे दोन्ही प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले आणि गाठोडे माळ्यावर टाकून दिले. ‘बाहेरचे नको’ या दोन शब्दांत विषय संपत असे.

तरीही माझ्या लहानपणी आमच्या घरी बेकरीचा एक पदार्थ मानाने येत असे. तो म्हणजे नानखटाई. मे महिन्याच्या सुट्टीत आई घरून मैदा, रवा, पिठीसाखर आणि कढवलेले तूप डब्यात मोजून घेई आणि आम्हा भावंडांपैकी एकाला बरोबर घेऊन गल्लीच्या टोकाच्या भट्टीवर जाई. भट्टीवाले चाचा पीठ मळीत आणि पत्र्यांवर गोळे मांडीत. आई बाजूच्या लाकडी बाकावर शेवटचा पत्रा बाहेर येईपर्यंत बसून राही. मजुरी शेकड्यावर ठरलेली असे. ते चाचा मुसलमान होते आणि आईला त्याचे काहीच वाटत नसे. सामान आपले आहे आणि समोर भाजले जात आहे, एवढे तिला पुरेसे होते. पुढे बँकेच्या नोकरीत लेखापरीक्षण म्हणजे काय ते शिकलो, तेव्हा मला त्या बाकावर बसलेल्या आईची आठवण होत असे. तिने ‘कोणी केले’ हा प्रश्न कधीच सोडून दिला होता आणि ‘कशाचे केले’ हा प्रश्न मात्र घट्ट धरून ठेवला होता.

एवढे प्रास्ताविक करण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी आमच्या सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला एक नव्या धर्तीची बेकरी निघाली. बाहेर काळ्या पाटीवर खडूने लिहिलेली पदार्थांची नावे, आत पिवळसर मंद दिवे, काचेमागे मांडलेले सोनेरी पदार्थ आणि त्यांच्यापुढे फोटो काढणारी तरुण मुले, असे तिचे रूप आहे. दुकान पूर्णपणे अंडेविरहित असल्याचे दारावरच लिहिलेले आहे. पुण्यात शिकणारी आमची नात सुट्टीत घरी आली की तिची पहिली फेरी तिथेच असते.

मे महिन्यात तिने प्रशिक्षणाच्या काळात मिळालेल्या पहिल्या विद्यावेतनातून या दुकानातला एक मोठा खोका आणला होता. तो तिने आजीपुढे ठेवला. आमच्या सौ. म्हणाल्या, “ठेव बाळा, बघू नंतर.” तो खोका फ्रिजमध्ये गेला आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा शेजारी गेला. पोरीने ते पाहिले. ती काही बोलली नाही; पण त्यानंतर तिने घरी काही आणायचेच बंद केले. आमच्या लहानशा घरात ही गोष्ट कोणाच्या नजरेतून सुटली नाही आणि कोणी ती बोलूनही दाखवली नाही.

सौ.च्या वागण्यालाही कारण होते. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या बदलीच्या एका गावी आम्ही एका बेकरीतून मुलाच्या वाढदिवसाचा केक घेत असू. “सगळं व्हेज आहे हो वहिनी,” असे दुकानदार तोंडभर सांगे. एके दिवशी त्याच्याच टेबलाखाली अंड्यांचे ट्रे एकावर एक रचलेले तिने पाहिले. तिने भांडण केले नाही, हातातली पिशवी तिथेच ठेवली आणि घरी आली. त्या दिवसापासून बेकरीच्या पदार्थाला तिने हात लावलेला नाही. फसवणूक अंड्याची झाली, पण तुटला तो विश्वास. आणि बँकेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला हे सांगायला नको की बुडीत गेलेले पत नावाचे खाते पुन्हा उघडणे किती अवघड असते.

दिवाळीच्या चार दिवस आधी नात पुन्हा घरी आली. मी दोघींनाही एकेकटे गाठून एवढेच म्हटले, “आपण सगळेच एकदा त्या दुकानात जाऊ. खायचे की नाही ते तिथे ठरवू. आधी विचारू तर.” नात थोडी कुरकुरली. दुकानात उभे राहून चौकशी करायची म्हणजे तिला संकोच वाटत होता. सौ. म्हणाल्या, “अहो, मी येईन. पण मला आग्रह करायचा नाही.” आमच्या थोरल्या वहिनीही निघाल्या. त्या व्रती आहेत. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस, असे काटेकोर पाळतात. दुकानातले काहीच त्यांना चालणार नव्हते. “मी नुसती बसेन, तुमची गंमत बघेन,” असे म्हणून त्यांनी आपली पाण्याची बाटली पिशवीत घातली. सूर्यास्ताआधी सगळे आटोपावे म्हणून आम्ही चार वाजताच पोहोचलो. संध्याकाळची गर्दी अजून लोटली नव्हती आणि भट्टीतून ताजा माल नुकताच बाहेर येत होता.

दुकान चालवणारी मुलगी तिशीच्या आतली, हातावर मैदा, डोक्याला रुमाल. नातीने सुरुवातीला जरा अडखळतच विचारले, “आमच्या आजीला काही गोष्टी चालत नाहीत. जरा सांगाल का?” त्या मुलीने हातातले काम बाजूला ठेवले. “विचारा ना काकू,” ती म्हणाली. “रोज कोणी ना कोणी विचारतंच. न विचारता परत जातात त्यांचंच मला वाईट वाटतं.”

सौ.चा पहिला प्रश्न अंड्याचा. उत्तर ऐकून मलाही नवे काही कळले. क्रोसाँच्या मूळ कणकेत अंडे नसतेच. मैदा, पाणी किंवा दूध, थोडी साखर, मीठ, यीस्ट आणि लोणी एवढाच मालमसाला. वरून जी तकाकी येते ती आणण्यासाठी बहुतेक ठिकाणी अंड्याचा हात फिरवतात. इथे त्याऐवजी दूध आणि साय लावतात. रंग किंचित फिका येतो, बाकी फरक पडत नाही. केकमध्ये मात्र अंड्याची कामे अनेक असतात. ते मिश्रण बांधून ठेवते, फेटल्यावर हवा धरून ठेवते आणि त्याच्या बलकातील लेसिथिन तेल-पाणी एकजीव करते. ही तिन्ही कामे एका पदार्थाकडून होत नाहीत, म्हणून अंडेविरहित केकमध्ये आटवलेले गोड दूध, दही आणि सोडा, सोयाबीनपासून काढलेले लेसिथिन अशी वाटणी करावी लागते. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि केक फुगतो.

दुसरा प्रश्न जिलेटीनचा. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. इथल्या लिंबाच्या टार्टमधला रस मक्याच्या पिठाने दाट केलेला होता आणि फळांवरची चकाकी पेक्टिनची, म्हणजे फळांतूनच मिळणाऱ्या द्रव्याची होती. तिसरा प्रश्न कांदा-लसूण-बटाट्याचा. खारट पदार्थांपैकी दोन तिथल्या तिथे बाद झाले. उरला मटार आणि पनीरचा पॅटिस. त्यात आले आहे का, असे सौ.ने विचारले. मुलगी आत जाऊन पाहून आली. “सकाळच्या मालात आलं आहे काकू. आत्ता भट्टीत जो जातोय त्यात घालू नका म्हणून सांगितलंय. दहा मिनिटं बसाल?”

चौथा प्रश्न माझा होता, चीजचा. दूध विरजून चीज करताना रेनेट लागते आणि युरोपातील काही पारंपरिक चीजमध्ये ते वासराच्या जठरातून काढलेले असते. इटलीचे पार्मेजान तर त्याच रेनेटने केले जाते. भारतात मिळणाऱ्या हिरव्या खुणेच्या चीजसाठी सूक्ष्मजीवांपासून तयार केलेले रेनेट वापरतात. एक हिरवट रंगाची वेटोळी तिथे दिसत होती. मुलगी स्वतःहून म्हणाली, “ती घेऊ नका काका. त्यात लसूणही आहे.” विक्रेत्याने स्वतःच्या मालाविषयी ‘हे घेऊ नका’ म्हणावे, याला बँकेच्या भाषेत मोठे तारण म्हणता येईल. सौ.च्या चेहऱ्यावरचा ताठरपणा त्या वाक्याने थोडा सैलावलेला मी पाहिला.

पाचवा प्रश्न यीस्टचा. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. ती पिठातली साखर खाऊन वायू सोडते आणि पीठ फुगते. आपल्यातील अनेक जण ते घेत नाहीत, सौ.ही घेत नाही. म्हणजे क्रोसाँ तिच्यासाठी बाद. नातीचा चेहरा उतरला. कारण त्या दुकानाची कीर्ती क्रोसाँवरच होती. तेव्हा ती मुलगी म्हणाली, “पण काकू, पॅटिसच्या आणि पाल्मिएच्या पिठात यीस्ट नसतं. ते नुसत्या पदरांवर फुलतं.”

“नुसत्या पदरांवर म्हणजे?” सौ.ने विचारले.

तिने आम्हाला काचेपलीकडची थंड खोली दाखवली. मैद्याच्या कणकेची जाड पोळी लाटायची, तिच्यात लोण्याची चौकोनी वडी ठेवून पाकिटासारखी मिटायची, लाटायची, पत्र दुमडावे तशी तीन घड्यांत दुमडायची, थंडाव्यात ठेवायची आणि पुन्हा लाटायची. असे तीनदा केले की लोण्याचे सत्तावीस थर होतात. पॅटिसच्या पिठाला यापेक्षा अधिक घड्या घालतात. भट्टीच्या धगीने लोण्यातल्या आणि कणकेतल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ पदर वर उचलते आणि लोण्यातील स्निग्धता ते पदर एकमेकांना चिकटू देत नाही.

“अगं, म्हणजे साटाच की हा!” सौ. एकदम म्हणाल्या. “आम्ही चिरोट्याला तूप आणि तांदळाची पिठी फेसून लावतो तसाच. पोळीवर पोळी, मध्ये साटा, मग गुंडाळी. पदर सुटले पाहिजेत.”

ती मुलगी हसली. “अगदी तेच काकू. फक्त तुम्ही तळता, आम्ही भाजतो.”

आणि मग त्या दोघींचे जे संभाषण सुरू झाले त्यात आम्हा बाकीच्यांना जागाच उरली नाही. सौ. सांगत होत्या की साटा फार सैल झाला तर लाटताना बाहेर येतो आणि फार घट्ट झाला तर पोळी फाटते. कणीक आणि साटा दोन्ही सारख्याच मऊपणाचे हवेत. मुलगी म्हणत होती की तिचे सगळे शिक्षण या एका वाक्यात आहे. लोणी तीस-पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर चाळीस अंश असतात. म्हणून ही खोली दिवसरात्र थंड ठेवावी लागते. आपल्या जुन्या खारीत वनस्पती तूप का असते, याचा उलगडाही तिथेच झाला. ते लोण्यापेक्षा अधिक तापमानाला वितळते, म्हणून वातानुकूलनाचे नाव नसलेल्या भट्टीतही त्याचे पदर टिकतात. खारी आणि पॅटिस म्हणजे युरोपातल्या पदराच्या पिठाने आपल्या हवेशी केलेली तडजोडच आहे.

दहा मिनिटांनी पॅटिस बाहेर आले. आम्ही एका मेजावर सहा पदार्थ मांडून बसलो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्यामुळे मी प्रत्येकाचा चतुर्थांशच घेतला, तेव्हा माझा अभिप्राय त्या प्रमाणात धरावा. साधा क्रोसाँ बाहेरून कुरकुरीत आणि आतून मधमाशांच्या पोळ्यासारखा जाळीदार होता. गोडी अगदी बेताची, लोण्याचा सुवास मात्र भरपूर. चॉकलेट भरलेला क्रोसाँ नातीला आवडला. मला त्यातल्या चॉकलेटाने लोण्याची चव झाकल्यासारखी वाटली. लिंबाचा टार्ट सर्वांत सरस. आंबट रस आणि खुसखुशीत पारी यांचे प्रमाण नेमके साधले होते. बदामाचे बिस्कीट चांगले होते, पण त्या नानखटाईची सर त्याला नव्हती. अर्थात हे मत आठवणींच्या बाजूने झुकलेले आहे. पॅटिस हाती घेताच त्याचा चुरा ताटलीभर झाला. आतले सारण मिऱ्याच्या ठसक्याचे होते आणि आल्याची उणीव भासली नाही. पाल्मिए म्हणजे साखर भुरभुरून दोन्ही बाजूंनी गुंडाळलेले पदर. भट्टीत त्या साखरेचा पाक होऊन तांबूस कवच धरते.

सौ.ने पॅटिसचा एक तुकडा मोडला, तो उजेडात धरून पदर पाहिले आणि खाल्ला. मग पाल्मिए उचलले. ते मात्र पूर्ण संपवले. “चिरोट्याला पाकातून काढल्यासारखं लागतंय,” म्हणाल्या. नात काही बोलली नाही. तिने आपल्या ताटलीतले पाल्मिएही हळूच आजीच्या ताटलीत सरकवले. थोरल्या वहिनी आपले पाणी पीत स्वस्थ बसल्या होत्या. कोणी त्यांना ‘एक घास घ्या’ म्हणाले नाही आणि त्यांनीही ‘तुम्ही हे काय खाता’ असे म्हटले नाही. एका मेजाभोवती चार माणसे चार वेगवेगळ्या मर्यादा घेऊन बसली होती आणि तरी सगळी एकत्र होती, याचे मला फार समाधान वाटले.

बिल आले तेव्हा माझ्यातला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी जागा झाला. एका क्रोसाँला दीडशे रुपये! इतक्या पैशांत खारीचा मोठा पुडा येतो. एका क्रोसाँत पंचवीस ग्रॅम लोणी धरले आणि लोण्याचा भाव किलोला सहाशे रुपये धरला, तर लोण्याचे पंधराच रुपये होतात. मग बाकीचे कशाचे? विचारल्यावर मुलीने न लपवता सांगितले. आज मळलेले पीठ उद्या भाजले जाते, म्हणजे प्रत्येक नगामागे दोन दिवसांचे काम आहे. थंड खोलीची वीज आहे, जागेचे भाडे आहे आणि रात्री उरलेला माल दुसऱ्या दिवशी विकायचा नाही हा नियम आहे. खर्चाचा मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत असतो, हे परिव्यय लेखांकनाच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. तरीही हा रोजच्या न्याहारीचा पदार्थ नव्हे, हे माझे मत कायम आहे. वर्षातून चार वेळा आनंदाने खावा, इतपत त्याची योग्यता आहे.

घरी येताना नातीने क्रोसाँच्या जन्माची कथा सांगितली. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा दिला, तो उठल्याच्या आनंदात बेकरांनी चंद्रकोरीच्या आकाराचे पाव केले, अशी ती प्रसिद्ध कथा. ऐकायला गोड आहे, पण तिला त्या काळातला पुरावा मिळत नाही. पुराव्यानिशी सांगता येते ते असे की, व्हिएन्नात ‘किप्फेल’ नावाचा कोरीच्या आकाराचा पाव फार जुना आहे आणि ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढून तो तेथे रूढ केला. लोण्याचे पदर त्यात फ्रेंचांनी नंतर घातले. हे झांगसाहेब पूर्वी तोफखान्यात अधिकारी होते. पुढे मायदेशी परतून त्यांनी १८४८ मध्ये ‘दी प्रेसे’ हे वर्तमानपत्र काढले आणि कालांतराने बँकेच्या व्यवसायातही शिरले. बेकरीतून बँकेत गेलेला हा माणूस मला मनापासून आवडला. आम्ही उलट वाटेने आलो, एवढाच फरक.

आता वाचकांपैकी ज्यांच्या घरी असाच प्रश्न असेल, त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पाकिटावरची हिरव्या चौकोनातील हिरवा ठिपका ही खूण उपयोगाची आहे. कायद्याने अंडे असलेला पदार्थ हिरव्या खुणेत बसत नाही. त्याला तपकिरी खूण लावावी लागते आणि २०२० च्या नियमांनी त्या खुणेतील ठिपक्याच्या जागी त्रिकोण आणला आहे. पाकिटावर ४७१ सारखे क्रमांक दिसतात. तो पदार्थ वनस्पतींच्या तेलापासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. हिरवी खूण असेल तर तो वनस्पतिजन्य असला पाहिजे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, म्हणजे यादीत पहिले नाव साखरेचे असेल तर आपण मुख्यतः साखर विकत घेत आहोत असे समजावे. परंतु हिरवी खूण कांदा, लसूण, बटाटा, यीस्ट यांच्याविषयी काहीच सांगत नाही. ते यादीत वाचावे लागते, आणि सुट्या मालाबाबत तर तोंडाने विचारावेच लागते.

विचारताना गर्दीची वेळ टाळावी. चौकशीच्या सुरात विचारावे, उलटतपासणीच्या सुरात विचारू नये. विक्रेत्याला एखादे उत्तर ठाऊक नसेल आणि तो ‘पाहून सांगतो’ म्हणाला, तर तो विश्वासाचा माणूस समजावा. न पाहता ‘सगळं चालतंय हो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. आणि उत्तर आपल्या मर्यादेत बसले नाही, तर नमस्कार करून परत फिरावे. नकार देण्यासाठी समोरच्याला हीन लेखण्याची गरज नसते. ही गोष्ट घरातल्या मुलांच्या बाबतीत अधिकच खरी आहे. आपण न सांगता, न विचारता त्यांचा खोका बाजूला सारतो तेव्हा त्यांना आपली मर्यादा दिसत नाही, फक्त नकार दिसतो. तीच मर्यादा त्यांच्यासमोर उभे राहून, कारणासह, हसतमुखाने सांगितली, तर मुले तिचा मान राखतात, असा आमचा अनुभव आहे.

दिवाळीत सौ.ने चिरोटे केले तेव्हा साटा फेसायला नात बसली होती. तिने तो प्रथम सैल केला, मग पिठी घालून घट्ट केला आणि तिसऱ्या खेपेस तिचा हात बसला. त्यातले दहा-बारा चिरोटे डब्यात भरून दोघी त्या बेकरीत देऊन आल्या. तिथल्या मुलीने डबा रिकामा परत केला नाही. त्यात पाल्मिए आले, आणि बरोबर त्यांत काय काय आहे त्याची हाताने लिहिलेली यादीही. ती यादी आमच्या फ्रिजवर अजून चिकटवलेली आहे.

नात आता पुण्यात आहे. तिथे ती काय काय खाते, याची आम्ही चौकशी करत नाही. आमच्याइतकी सगळी बंधने ती पाळत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे आणि आम्हाला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे. परंतु घरी येताना ती काही आणते तेव्हा दुकानात उभे राहून सगळे विचारून आणते, आणि खोका उघडण्याआधी आजीला सांगते, “यातलं हे तुला चालेल, हे चालणार नाही.” जे चालणार नाही ते ती आणि मी खातो. जे चालते ते सौ. खातात, आणि हल्ली त्यातले कोणते अधिक चांगले झाले होते यावर त्यांचे स्पष्ट मतही असते.